पाऊस बनशंकरीचा, आकडा तासगावचा

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही नवी हवामान-अंदाज प्रणाली राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ती विकसित झाली असून तेथील ‘अर्का’ या महासंगणकावर चालते. आधीच्या प्रणालीत भूपृष्ठाची विभागणी सुमारे १२ किलोमीटरच्या चौकोनांत होत असे. आता ती ६ किलोमीटरपर्यंत आली आहे. बातम्यांचे मथळे साहजिकच या एका आकड्याभोवती फिरत राहिले. जाळी बारीक झाली, म्हणजे अंदाज गावापर्यंत पोहोचला, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला गेला.

हे यश मोठे आहे, यात शंका नाही. परंतु जाळीवरचा आकडा आणि गावातला माणूस यांच्यामध्ये एक पायरी असते आणि तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. जाळीच्या रूपात साठवलेले आकडे उलगडून त्यांचा असा तक्ता करावा लागतो, की ज्याच्या प्रत्येक ओळीत ठिकाण, दिवस आणि मोजमाप एकत्र दिसेल. हे काम संशोधनसंस्थांतले विद्यार्थी करतात, पालिकांचे सल्लागार करतात, विमा कंपन्यांतले विश्लेषक करतात. सांख्यिकीय प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला चार-पाच ओळी लागतात, म्हणून ते किरकोळ समजले जाते. प्रत्यक्षात सार्वजनिक विदेवर, म्हणजे डेटावर, उभ्या राहणाऱ्या निष्कर्षांची खरी कसोटी याच चार-पाच ओळींत लागते. जाळीच्या बारीकपणाइतकेच लक्ष या रूपांतराकडे दिले गेले नाही, तर अधिक बारीक जाळीतून अधिक बारीक चुका निपजतील.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे बरे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने २०१४ मध्ये देशाच्या दैनंदिन पर्जन्यमानाचा एक जाळीबद्ध संच प्रसिद्ध केला. त्यासाठी देशभरातील ६९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. ही केंद्रे देशभर विखुरलेली, कुठे दाट तर कुठे विरळ. शिवाय ती सगळी सर्व वर्षे सुरू नव्हती. जवळच्या केंद्राला अधिक वजन आणि दूरच्याला कमी, अशा पद्धतीने त्यांच्या नोंदींवरून पाव-पाव अंशावरील बिंदूंसाठी पावसाचा अंदाज काढण्यात आला. १९०१ पासूनचा हा संच पुढेही वाढवला जात असून तो सर्वांना मोफत उपलब्ध आहे. भारतातील पूर, दुष्काळ आणि शेती यांवरील असंख्य अभ्यास त्याच्या आधारावर उभे आहेत. सार्वजनिक विज्ञानाची ही एक मोलाची ठेव आहे.

या संचाचे मूळ द्विमान रूप मात्र प्रथम पाहणाऱ्याला चकित करते. वर्षाच्या एका फाइलीत केवळ आकडे असतात. रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत १३५ बिंदू आणि अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत १२९ बिंदू, असे एका दिवसाचे १७,४१५ आकडे. त्यामागून दुसऱ्या दिवसाचे, मग तिसऱ्या. साध्या वर्षाची फाइल नेमकी २,५४,२५,९०० बाइटांची भरते. त्यांपैकी एकाही बाइटात अक्षांश नाही, रेखांश नाही, तारीख नाही. ती माहिती सोबतच्या वर्णनात असते: पहिला आकडा ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व या बिंदूचा, दुसरा ६.५ उत्तर, ६६.७५ पूर्वचा, आणि अखेरचा ३८.५ उत्तर, १०० पूर्वचा. म्हणजे आधी पूर्वेकडे सरकायचे, ओळ संपली की एक पायरी उत्तरेकडे चढायचे. आकड्याचा पत्ता त्याच्या क्रमातच दडलेला आहे. क्रम चुकला, की पत्ता चुकला.

जागा वाचवण्यासाठी ही रचना उत्तम आहे. परंतु विश्लेषणासाठी वेगळे रूप सोयीचे ठरते. २०१४ मध्येच सांख्यिकीतज्ज्ञ हॅडली विकहॅम यांनी ‘टायडी डेटा’ या शीर्षकाच्या निबंधात त्याचे नियम मांडले: प्रत्येक चलाला एक स्तंभ, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ, आणि निरीक्षणाच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र तक्ता. मराठीत त्याला ‘नेटका तक्ता’ म्हणता येईल. मुळात ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित विदासंचांच्या सिद्धांताशी नाते सांगणारी. विकहॅम यांनी ती सांख्यिकीच्या भाषेत आणली आणि ‘आर’ या संगणकीय भाषेतील साधनांत उतरवली. नेटक्या तक्त्यात तारीख, अक्षांश, रेखांश आणि पाऊस हे चार स्तंभ असतात आणि प्रत्येक ओळ स्वतःचा पत्ता स्वतःजवळ बाळगते. ओळी कशाही विस्कटल्या, गाळल्या, पुन्हा जुळवल्या, तरी आकडा पत्त्यापासून तुटत नाही. हाच त्या रूपाचा मोठा गुण.

अडचण अशी, की आकड्याला हा पत्ता एकदा तरी चिकटवावा लागतो. सगळा धोका त्या एका क्षणी असतो.

‘आर’ भाषेत त्यासाठी दोन फलने आहेत आणि त्यांची नावे जवळपास सारखी आहेत. पहिले, भाषेच्या मूळ संचातले, ‘एक्स्पांड-डॉट-ग्रिड’. दुसरे, २०१९ पासून ‘टायडीआर’ या पॅकेजमध्ये असलेले, ‘एक्स्पांड-अंडरस्कोर-ग्रिड’. दोन्ही फलनांना रेखांशांची यादी आणि अक्षांशांची यादी दिली, की ती त्यांच्या सर्व जोड्यांचा तक्ता तयार करून देतात. दोन्हींच्या तक्त्यात १७,४१५ ओळी असतात, दोन्हींत त्याच जोड्या असतात. फरक फक्त क्रमाचा. पहिल्यात प्रथम दिलेली यादी सर्वांत वेगाने बदलते. दुसऱ्यात ती सर्वांत सावकाश बदलते. नावात एका टिंबाऐवजी एक अधोरेषा, आणि क्रम पूर्णपणे उलटा. हवामान विभागाच्या फाइलीशी पहिला क्रम जुळतो. दुसऱ्या फलनाला तीच यादी त्याच क्रमाने दिली तर जुळत नाही. मात्र ओळींची संख्या तंतोतंत सारखी असल्यामुळे संगणक कसलीही तक्रार करत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे एका ठिकाणापुरते मोजून पाहता येते. बनशंकरी हे दक्षिण बंगळुरूतील मोठे उपनगर, साधारण १२.९२ उत्तर अक्षांश आणि ७७.५६ पूर्व रेखांश. त्याला सर्वांत जवळचा जाळीबिंदू १३.० उत्तर, ७७.५ पूर्व. अक्षांशाच्या २६ पायऱ्या चढून आणि रेखांशाची ४४ पावले चालून तिथे पोहोचता येते. म्हणजे दिवसाच्या आकड्यांत त्याचा क्रमांक ३५५५ वा. आता पत्ते उलट क्रमाने चिकटवले गेले, तर हा ३५५५ वा आकडा २४.२५ उत्तर, ७३.२५ पूर्व या ओळीत जाऊन बसतो. हे ठिकाण दक्षिण राजस्थानात, अरवलीच्या डोंगराळ भागात आहे. बनशंकरीचा पाऊस अरवलीत पडला!

पण खरी गंमत उलट दिशेने आहे. ज्या ओळीवर बनशंकरीचा पत्ता लिहिला गेला, तिथे कोणाचा आकडा आला? हिशेब केला तर तो १७.० उत्तर, ७४.५ पूर्व या बिंदूचा निघतो. म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव-पलूसचा परिसर. बनशंकरीपासून सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर. आणि इथेच या चुकीचे सर्वांत घातक रूप दिसते. बनशंकरीच्या ओळीत चेरापुंजीचा पाऊस आला असता तर कोणीही चटकन थबकले असते. जैसलमेरचा आला असता तरी शंका आली असती. पण तासगावही दख्खनच्या पठारावरचे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. तिथेही सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा. तक्त्यातला स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचला, तरी त्यात डोळ्याला खुपणारे काही सापडणार नाही. आकडे शक्यतेच्या कोटीतले, आलेख नेहमीसारखा, सरासरी पटण्याजोगी. केवळ ते दुसऱ्या गावचे.

अशा तक्त्याच्या आधारे कोणी बनशंकरीच्या राजकालुव्यांची, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांची, रुंदी ठरवली तर? किंवा एखाद्या रात्री घरांत पाणी शिरल्यावर ‘त्या दिवशी तेवढा पाऊस नव्हताच’ असा निर्वाळा दिला गेला तर? चुकीच्या बाजूला तासगावही आहेच. तिथला द्राक्ष बागायतदार हवामानाधारित विम्याचा अर्थ पुरेपूर जाणतो. महाराष्ट्रातील फळपिकांच्या या विम्यात प्रत्येक बागेतले नुकसान मोजले जात नाही. हवामान केंद्राच्या नोंदीने ठरलेली मर्यादा ओलांडली का, यावर भरपाई अवलंबून असते. तो विमा जाळीवर नव्हे, तर केंद्रांच्या नोंदींवर चालतो. परंतु तत्त्व तेच आहे. जिथे निर्णय माणूस पाहून न होता तक्त्यातील एक ओळ पाहून होतो, तिथे त्या ओळीचा पत्ता खरा असणे हा न्यायाचा प्रश्न ठरतो.

क्रमाची चूक ही या घराण्यातली सर्वांत ठळक. तिची भावंडेही आहेत. पर्जन्याच्या संचात जिथे आकडा नाही, तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. नकाशावर समुद्र रिकामा दिसतो, तक्त्यात मात्र तो ‘उणे ९९९ मिलिमीटर पाऊस’ होऊन सरासरीत शिरतो. हे निदान लवकर कळते, कारण उणे पाऊस कोणी पाहिलेला नाही. तापमानाच्या संचात त्याच कामासाठी ९९.९ हा आकडा वापरला जातो. तो धन आहे, दिसायला सभ्य आहे, आणि एखाददुसरा मिसळला तर सरासरी फक्त किंचित उबदार होते.

तारखेचा स्तंभही दिसतो तितका सरळ नसतो. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. त्या वेळी मोजलेल्या मागील चोवीस तासांच्या पावसावर त्या दिवसाची तारीख पडते. बंगळुरूचा पाऊस पुष्कळदा संध्याकाळी व रात्री कोसळतो. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहर बुडवणारा पाऊस झाला. पर्जन्यनोंदीत तो ५ सप्टेंबरच्या नावावर आहे. वृत्तपत्रातील, रुग्णालयातील किंवा वाहतूक पोलिसांकडील नोंदी मध्यरात्री बदलणाऱ्या तारखेप्रमाणे असतात. दोन तक्ते ‘तारीख’ या स्तंभावर जोडले, की स्तंभाचे नाव जुळते, पण अर्थ जुळत नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण दशांशाची. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो. पाव अंश त्यात अचूक बसतो, म्हणून ७७.५ आणि ७७.५ यांची जुळणी बिनचूक होते. दशांश एक अंश मात्र कधीच अचूक बसत नाही. ०.१ अंशाच्या जाळीवर एका तक्त्यात रेखांश थेट लिहिलेला असेल आणि दुसऱ्यात पावले मोजून काढलेला असेल, तर छापताना दोन्ही सारखे दिसतात आणि जोडताना काही ओळी न सांगता गळून जातात. नेटक्या तक्त्यात रिकामी चौकट दिसत नाही. ओळच नसते, म्हणून उणीव जाणवत नाही. उपाय साधा आहे: जुळणी दशांशांवर न करता पावलांच्या पूर्णांक क्रमांकांवर करावी. दिशेचेही तसेच. हवामान विभागाची फाइल दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते. युरोपीय केंद्राचा ‘ईआरए-५’ हा जगभर वापरला जाणारा संच उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो. एकाची सवय दुसऱ्याला लावली, की देश उलटा टांगला जातो.

मग अक्षांश-रेखांश टाळून गावाच्या नावावरच जुळणी केली तर? बनशंकरीचेच उदाहरण पुन्हा पुरेसे आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची कुलदेवता असलेली बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी, बदामीजवळची. पौष महिन्यात तिची यात्रा भरते. बंगळुरूतील उपनगराला नाव मिळाले ते तिथल्या तिच्याच मंदिरामुळे. दोन बनशंकरींमध्ये जवळपास चारशे किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्ही एकाच राज्यात आहेत. नाव हे माणसांसाठी असते. तक्त्यासाठी पत्ता लागतो.

इथवरच्या चुका टाळता येण्याजोग्या आहेत. त्या सर्व टाळल्या तरी एक गोष्ट उरते आणि ती चूक नसून मर्यादा आहे. पाव अंशाचा चौकोन बंगळुरूच्या अक्षांशावर सुमारे ७५० चौरस किलोमीटरचा भरतो. पाच महापालिकांत विभागणी होण्यापूर्वीच्या बृहत् बंगळुरू महानगरपालिकेचे क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरहून अधिक होते. म्हणजे एकेक चौकोन जवळजवळ अख्ख्या शहराएवढा. शहर मात्र एका चौकोनात नेमके बसवलेले नाही. बनशंकरी आणि तिच्यापासून वीसेक किलोमीटर उत्तरेकडील येलहंका एकाच चौकोनात पडतात, तर बारा-तेरा किलोमीटरवरचे बेळ्ळंदूर, जिथे २०२२ च्या पुरात रस्त्यांवरून नावा आणि ट्रॅक्टर चालवावे लागले, शेजारच्या चौकोनात जाते. मेघगर्जनेसह येणारी सर काही किलोमीटरांतच संपते, हे बंगळुरूकरांना सांगायला नको. बनशंकरीत छत्री उघडावी आणि येलहंक्यात ऊन असावे, हे रोजचेच. जाळीत मात्र दोघांचा पाऊस एकच.

जाळीच्या रूपात असताना ही मर्यादा निदान दिसते. नकाशावर ढोबळ चौकोन दिसले, की पाहणाऱ्याला त्यांचा ढोबळपणा आपोआप कळतो. नेटक्या तक्त्यात ‘१३.०, ७७.५, ४२.३ मिलिमीटर’ अशी ओळ उमटली, की ती कोणीतरी त्या जागी उभे राहून मोजल्यासारखी वाटते. ज्या बिंदूच्या आसपास दहा पर्जन्यमापके होती आणि ज्याच्या आसपास एकही नव्हते, त्या दोन्ही ओळी तक्त्यात सारख्याच रुबाबाने उभ्या असतात. तक्ता नेटका होतो, तेव्हा अनिश्चिततेची खूण पुसली जाते. कर्नाटकाने याला एक चांगले उत्तर दिले आहे: १९८८ मध्ये दुष्काळ-निरीक्षण कक्ष म्हणून सुरू झालेल्या आणि आज राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येलहंक्यातील संस्थेने ग्रामपंचायतनिहाय सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके उभारली आहेत. मोजलेला पाऊस आणि जाळीने अंदाजलेला पाऊस यांतला फरक तिथे तपासता येतो. तो तपासण्यासाठीही दोन्हींचा नेटका तक्ता लागतोच. फक्त त्यात ‘मोजलेले की अंदाजलेले’ हा एक स्तंभ असायला हवा.

या सगळ्यावर अनुभवी मंडळींचा एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे. जाळी मुळात मोडावीच कशाला? एका वर्षाच्या पर्जन्याचा पूर्ण तक्ता केला तर ६३,५६,४७५ ओळी होतात. चार स्तंभ, प्रत्येक आकड्याला आठ बाइट. अडीच कोटी बाइटांची फाइल वीस कोटींवर जाते. १९०१ ते २०२४ पर्यंतचा संच तर ७८ कोटींहून अधिक ओळींचा होईल. शेजारच्या बिंदूंचा विचार करणारे गणित, उदाहरणार्थ ढाळ किंवा प्रवाह काढणे, जाळीवर सोपे आणि तक्त्यात क्लिष्ट असते. ‘आर’मधील ‘टेरा’ आणि ‘स्टार्स’ किंवा पायथनमधील ‘एक्सअरे’ ही साधने अक्षांना नावे देऊन जाळी जाळीच ठेवतात.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे. जोवर प्रश्न आकाशाचा आहे, तोवर जाळी मोडू नये. प्रश्न माणसांचा झाला, म्हणजे प्रभाग, शेत, रुग्णालय, विम्याचा दावा यांच्याशी पाऊस जोडायचा झाला, की तक्ता अपरिहार्य होतो. कारण माणसांच्या नोंदी जाळीवर बसत नाहीत. म्हणून रूपांतर उशिरा करावे, हवे तेवढ्याच भागाचे करावे, आणि ते आकड्याच्या क्रमावर विसंबून न करता अक्षाच्या नावावरून करावे. हवामान विभाग हाच पर्जन्यसंच स्वतःचे वर्णन स्वतःजवळ बाळगणाऱ्या ‘नेटसीडीएफ’ स्वरूपातही देतो. नव्याने काम सुरू करणाऱ्याने द्विमान फाइलीपेक्षा तिचाच आधार घेणे शहाणपणाचे.

‘आर’ भाषेबरोबर मिळणारे एक जुने उदाहरण या संदर्भात बोलके आहे. भाषेचे एक जनक रॉस इहाका यांनी ऑकलंडमधील माउंगाफाउ या ज्वालामुखी टेकडीची उंची नकाशावरून दहा-दहा मीटरच्या जाळीवर उतरवली: ८७ ओळी, ६१ स्तंभ. जगभरचे विद्यार्थी जाळीचा तक्ता करायला शिकतात ते बहुधा याच टेकडीवर. त्या संचाच्या वर्णनात ओळी कोणत्या दिशेच्या आणि स्तंभ कोणत्या, हे स्पष्ट लिहिले आहे. आणि हे आकडे अचूक मानू नयेत, असा इशाराही दिला आहे. तक्ता केला, की ५३०७ ओळी हाती येतात आणि इशारा मागे राहतो. एका शांत टेकडीच्या बाबतीत त्याने बिघडत काही नाही. पुराच्या बाबतीत बिघडते.

म्हणून जाळी सहा किलोमीटरवर आली असताना तीन गोष्टींचा आग्रह धरला जायला हवा. पहिली: प्रत्येक सार्वजनिक जाळीबद्ध संचासोबत एक छोटा पडताळा-तक्ता प्रसिद्ध व्हावा. पाच ठिकाणे, पाच तारखा आणि अपेक्षित पंचवीस आकडे. एखादा बिंदू मेघालयाच्या दक्षिण उतारावरचा, एखादा अरबी समुद्रातला, जिथे आकडा नसलाच पाहिजे. ज्याचे रूपांतर या पंचवीस आकड्यांशी जुळते, त्याचा क्रम बरोबर. फाइलीचा आकार आणि ओळींची संख्या हे काम करू शकत नाहीत, कारण चुकीच्या क्रमातही ती दोन्ही बरोबरच असतात. दुसरी: ज्या अहवालाच्या आधारे पैसा खर्च होतो किंवा नाकारला जातो, त्यात रूपांतराच्या त्या चार-पाच ओळी परिशिष्ट म्हणून छापाव्यात. निष्कर्ष सार्वजनिक आणि रूपांतर खासगी, ही विभागणी न्याय्य नाही. तिसरी: विद्यापीठांत सांख्यिकी शिकवताना सूत्रांइतकाच वेळ या कामाला द्यावा. विद्यार्थ्याने नवा संच हाती घेतला, की आधी नकाशा काढावा, ही एक सवय जरी लागली तरी पुष्कळ साधेल. उलट क्रमाचा नकाशा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. लहान मूलही सांगेल, की हा भारत नव्हे. थेट एका बिंदूचा आकडा उचलणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

नव्या प्रणालीमुळे ही निकड वाढली आहे. तिची अंतर्गत जाळी सरळ आडव्या-उभ्या रेघांची नाही. ध्रुवांकडे जाताना प्रत्येक अक्षवृत्तावरील बिंदूंची संख्या कमी होत जाते. अशा जाळीची आयताकृती चौकट होतच नाही. तिच्या आकड्यांना सुरुवातीपासूनच पत्त्यांची यादी सोबत घेऊन हिंडावे लागते. मध्ये कोणीतरी ती यादी उलगडून आयताकृती जाळी करील, तिच्यातून आणखी कोणी तक्ता करील, आणि त्या तक्त्यातून तिसरा कोणी गावाचा आकडा काढील. प्रत्येक टप्प्यावर क्रम, दिशा, तारीख आणि रिकाम्या जागा यांचे करार नव्याने पाळावे लागतील. चौकोनाची बाजू निम्मी झाली, की चौकोनांची संख्या चौपट होते. चुकीचा शेजारी सापडण्याच्या शक्यताही त्याच प्रमाणात वाढतात, आणि तो शेजारी पूर्वीपेक्षा अधिक खरा वाटतो.

महासंगणकाच्या खरेदीची बातमी होते. रूपांतराच्या पडताळ्याची होत नाही. पडताळ्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. पंचवीस आकडे आणि ते जुळवून पाहण्याची शिस्त लागते. बनशंकरीच्या रहिवाशाला आणि तासगावच्या बागायतदाराला आपापल्या पावसाचा आकडा आपापल्या नावावर मिळावा, एवढी अपेक्षा देशाच्या विज्ञानव्यवस्थेकडून करण्यात काही गैर नाही.